पेनड्राइव्ह गल्ल्यात ठेवू नका : पाइप-फिटिंगचं दुकान संगणकावर घेताना

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. गणपती पेठेच्या मागच्या अंगाला आमचं पाइप, फिटिंग आणि हार्डवेअरचं दुकान आहे. आदल्या रात्री मामंजी आणि मी मिळून संगणक उचलला, रॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यावर ठेवला, वर प्लास्टिकचा कागद घातला आणि "एवढ्या वर काय येतंय" म्हणत शटर ओढलं. २००५ च्या पुराचा अनुभव गाठीशी होता, त्याच मापानं आम्ही चाललो होतो. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा रॅक आडवं झालं होतं आणि संगणक चिखलात होता. टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप आम्ही दर शनिवारी न चुकता घ्यायचो, पेनड्राइव्हवर. आणि तो पेनड्राइव्ह असायचा गल्ल्यात.

उधारीची लाल वही सापडली. घरी नेऊन पंख्याखाली एकेक पान सुटं करून वाळवली. बॉलपेननं लिहिलेली पानं वाचता येत होती, जेलपेनची पानं निळी झाली होती. माझं अक्षर चांगलं म्हणून वही मी लिहायची, आणि मला जेलपेन आवडायचं.

किती उधारी बुडाली ते सांगत नाही. बरीच माणसं आपणहून येऊन "वहिनी, माझे एवढे होते" म्हणाली. काहींना आठवलंच नाही. जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकांची बिलं तेवढी पोर्टलवर भरलेल्या विवरणपत्रात नंबरानिशी होती, ती उतरवून घेतली. काउंटरवरच्या किरकोळ विक्रीची तिथे नुसती बेरीज असते, तिचा काही उपयोग झाला नाही.

पुढच्या दोन वर्षांत दुकान मी परत उभं केलं आणि त्या निमित्तानं हिशोबाची सगळी घडीच बदलली. आता पेठेतले इतर दुकानदार विचारतात की सुरुवात कुठून करायची. तेच इथे लिहिते आहे, ज्या क्रमानं आज करीन त्या क्रमानं. हे तीन ते आठ माणसं असलेल्या, काउंटरवर उधारी चालणाऱ्या दुकानासाठी आहे. मोठ्या शोरूमवाल्यांना यातलं काही लागणार नाही.

आधी नावं, मग संगणक

दुकान संगणकावर घ्यायचं म्हटलं की माणूस आधी मशिन बघायला जातो. आम्हीही गेलो. बारकोड छापायचं यंत्र आजही माळ्यावर आहे. पाऊण इंची एल्बोच्या, म्हणजे काटकोनी जोडाच्या, एकेका नगाला स्टिकर लावत कोण बसणार, हा प्रश्न ते आणल्यावर पडला.

आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि दुकानातल्या सगळ्या मालाची नावं लिहून काढा. कंटाळवाणं काम आहे. आम्हाला दोन महिने लागले. पण पुढचं सगळं यावर उभं राहतं, म्हणून इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

आमच्या धंद्यात एका वस्तूला चार नावं असतात. नळवाला मिस्त्री म्हणतो "पाऊणचा एल्बो", शेतकरी म्हणतो "पाऊणीचा बेंड", साइटवरचा सुपरवायझर म्हणतो "ट्वेंटी एमएम", आणि कंपनीच्या बिलावर असतं आणखी निराळंच. त्यात "२० एमएम" हा शब्द तर सापळा आहे. घरातल्या गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपात २० एमएम म्हणजे पाऊण इंच. शेतीच्या पीव्हीसी पाइपात माप बाहेरून धरतात, त्यामुळे तिथे २० एमएम म्हणजे अर्धा इंच. पुराच्या आधीच्या आमच्या यादीत "एल्बो २० एमएम" असं एकच नाव होतं आणि दोन्ही माल त्यात जमा होत होता. संगणक म्हणायचा ३४० नग शिल्लक. त्यातले पाऊणचे किती आणि अर्ध्याचे किती, ते देवाला माहीत. एकदा बुधगावच्या साइटवर पोरगा पूर्ण बॉक्स चुकीचा देऊन आला, दोन फेऱ्यांचं भाडं अंगावर पडलं.

नंतर ठरवलं की नाव कायम एकाच क्रमानं लिहायचं : आधी जात, मग वस्तू, मग माप, मग वर्ग (पाइप किती दाब सोसतो ते), शेवटी कंपनी. म्हणजे "सीपीव्हीसी – एल्बो – पाऊण (२०) – एसडीआर ११ – अमुक कंपनी", किंवा "शेती पीव्हीसी – पाइप – ७५ (अडीच इंची) – ४ किलो – तमुक कंपनी". इंच आणि एमएम दोन्ही लिहायचे, कारण विचारणारे दोन्ही तऱ्हेचे असतात. टॅलीत मालाच्या नावाखाली एलियासचा, म्हणजे दुसऱ्या नावाचा, रकाना असतो. मिस्त्री काउंटरवर जे नाव घेतो ते त्यात टाका. आमच्या टी-जोडाला "टी" म्हणणारे आहेत, "तीनतोंडी" म्हणणारेही आहेत. तुमच्याकडे बिल करायला नवा पोरगा आला तरी त्याला माल सापडला पाहिजे.

दुसरी भानगड एककाची. पाइप येतो नगावर, विकला जातो फुटावर. वायरचं बंडल ९० मीटरचं, गिऱ्हाईक मागतं दहा मीटर. खिळे किलोवर, स्क्रू डब्यावर, आणि कुणीतरी येऊन म्हणणार "सहा द्या". दोन एककं लावायची सोय बहुतेक सगळ्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये असते, ती पहिल्या दिवशीच लावा, मागाहून बदलायला फार त्रास होतो. कापून उरलेल्या पाइपांसाठी आम्ही "तुकडे" नावाची वेगळी वस्तूच केली. ते तुकडे मिस्त्री हौसेनं नेतात आणि स्टॉकमध्ये वीस फुटी पाइप शिल्लक असल्याचा खोटा आकडा राहत नाही.

तिसरं, प्रत्येक कप्प्याला पत्ता द्या. आमच्याकडे "क-४-२" म्हणजे क रॅक, चौथी रांग, दुसरा कप्पा. मार्करनं पाटीवर लिहिलं आणि तोच पत्ता मालाच्या नावापुढे नोंदवला. बारकोडपेक्षा याचा उपयोग शंभर पट झाला, खर्च आला तो मार्करचा.

यादी करायला बसताना दुकानातल्या सगळ्यात जुन्या माणसाला जवळ घ्या. आमच्याकडे एक मामा आहेत, मामंजींच्या तरुणपणापासूनचे. कुठली वस्तू कुठे आहे ते डोळे झाकून सांगतात. पहिले आठ दिवस त्यांनी मला काही सांगितलंच नाही. नवव्या दिवशी म्हणाले, "सगळं मशिनीत घातल्यावर माझं काय काम ऱ्हातंय?" खरं तर प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. मी म्हटलं, मशिनीतला आकडा खरा का खोटा ते तुम्हीच सांगायचं. आता रोजची मोजणी त्यांच्याकडे आहे आणि माझी चूक सापडली की त्यांचा दिवस चांगला जातो.

पहिल्या यादीत २,८०० नावं झाली. एकाच वस्तूची दुहेरी-तिहेरी नावं काढल्यावर १,९०० उरली. त्यात पंधरा-वीस वर्षांपासून न हललेले जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) जोडसुद्धा निघाले. ते काढून टाकले तर एक अख्खं रॅक मोकळं झालं.

भाव : निव्वळ आकडा लिहू नका

पाइप कंपन्या भावपत्रक देतात आणि त्यावर टक्केवारीनं सूट देतात. पीव्हीसीच्या कच्च्या मालाचा भाव हलला की पत्रक बदलतं. आपण जर सूट वजा करून आलेला निव्वळ भाव भरून ठेवला, तर दर वेळी शेकडो आकडे हातानं बदलावे लागतात, आणि मग कुणी बदलत नाही. म्हणून पत्रकातला भाव वेगळा ठेवा आणि सूट गटावर लावा : काउंटरचं गिऱ्हाईक, मिस्त्री, कंत्राटदार. नवं पत्रक एक्सेलमध्ये मागून घ्या, कंपनीचा माणूस देतो. ते एकदा चढवलं की तिन्ही गटांचे भाव आपोआप बदलतात.

सोबत माल आपल्याला कितीला पडला तेही दिसलं पाहिजे, भाड्यासकट. फक्त मालकाला, काउंटरवरच्या पोराला नको. हे कशासाठी, तर हल्ली गिऱ्हाईक नळ हातात धरतं आणि दुसऱ्या हातात मोबाइल : "ऑनलाइन एवढ्याला आहे की." पूर्वी मी चिडायची. आता माल कितीला पडला ते बघते. जमत असेल तर तोच भाव देते, जमत नसेल तर "तिकडून घ्या" म्हणते, आणि तेही हसून. शॉवर आणि नळाच्या शोभेच्या मालात आम्ही ऑनलाइनशी भांडत बसत नाही. वीस फुटी पाइप कुरिअरनं येत नाही. आणि दुपारी चार वाजता दोन पाइप जोडणारा कपलर फुटला आणि घरात पाणी झालं, तर मिस्त्री उद्याच्या डिलिव्हरीची वाट बघत थांबत नाही. तो फोन करून एकच विचारतो : "हाय का?" त्याला दहा सेकंदांत खरं उत्तर देता येणं, एवढ्यावरच आमचं दुकान चालतं.

कर एकेका वस्तूवर न लिहिता मालाच्या गटावर लावून ठेवल्याचा फायदा २२ सप्टेंबर २०२५ ला कळला. त्या दिवसापासून जीएसटीचे दर बदलले, ठिबकचा माल १२ वरून ५ टक्क्यांवर आला, सिमेंट २८ वरून १८ वर. नेमकी घटस्थापना. आम्ही आदल्या रात्री दोन गटांचे दर बदलून झोपलो. सकाळी घट बसवून दहाला दुकान उघडलं आणि बिलं नव्या दरानं सुरू झाली. ज्यांनी एकेका वस्तूवर दर लिहून ठेवला होता ते त्या दिवशी दुपारपर्यंत हातानंच बिलं लिहीत होते.

परतीचा माल

स्टॉक जुळत नाही अशी तक्रार सगळे करतात. चोरी होते म्हणून नोकरावर संशय घेण्याआधी परतीचा माल बघा. मिस्त्री वीस एल्बो नेतो, चौदा वापरतो, सहा परत आणतो. ते सहा काउंटरवर पडतात, कुणीतरी उचलून रॅकमध्ये टाकतो, बिलात मात्र वीसच. मग त्याच्या खात्यावर सहा नगांची बाकी जास्त, संगणकातल्या स्टॉकमध्ये सहा नग कमी, आणि महिनाअखेरीला वाद.

आमच्याकडे आता काउंटरखाली एक पिवळं क्रेट आहे. परत आलेला माल त्यातच पडतो आणि शटर ओढायच्या आत परतीची नोंद होऊन ते रिकामं होतं. रिकामं झालं नाही तर घरी जायचं नाही, मीसुद्धा. दुसरा नियम असा की बिल किंवा माल दिल्याचं चलन झाल्याशिवाय दुकानातून वॉशरसुद्धा बाहेर जाणार नाही. हा नियम मामंजींना लावायला सगळ्यात अवघड गेला.

वर्षातून एकदा मार्चअखेर सगळा माल मोजायची पद्धत सोडून द्या. रोज दुपारी दोन ते तीन, गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा वीस वस्तू मोजा. शंभर दिवसांत दुकान एकदा पूर्ण मोजून होतं. जास्त खपाच्या वस्तू महिन्यातून एकदा तरी हाताखालून गेल्या पाहिजेत.

उधारी

सांगली भागात उधारीचं वेळापत्रक ऊसबिलावर चालतं. कारखान्यानं उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असा नियम आहे. तो नियम आणि आमचे शेतकरी यांची गाठ कधी पडते ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये येणारी "३० दिवस थकीत" अशी लाल पट्टी आमच्याकडे निम्म्या गावाला लागते आणि तिचा अर्थच राहत नाही. खातं उघडतानाच मुदत माणसागणिक भरा. शेतकऱ्याला हंगाम, मिस्त्रीला महिना, कंत्राटदाराला त्याच्या बिलाची तारीख. मग लाल दिसेल ते खरोखर लाल असतं. प्रत्येक खात्याला कमाल मर्यादाही घाला. ती ओलांडली की बिल करताना संगणक अडवतो आणि "मशिन घेत नाही ओ" असं सांगता येतं. तोंडावर नाही म्हणायला जड जातं, त्यासाठी मशिन फार सोयीचं.

वहीवरून संगणकावर जाताना जुनी बाकी परस्पर उतरवू नका. प्रत्येक माणसाला आकडा दाखवा, मान्य करून घ्या, सही घ्या. आम्ही पुरानंतर अडीचशे खाती अशी फिरून पक्की केली. पंधरा-वीस जणांशी वाद झाले आणि त्यातल्या काहींत चूक आमची निघाली.

दर महिन्याच्या पाच तारखेला दुकानाच्या व्हॉट्सअॅपवरून प्रत्येकाला खातेउतारा जातो. मजकूर ठरलेला : "नमस्कार. महिनाअखेर आपल्या खात्यावर रु. १४,३५० बाकी दिसते. तपशील सोबत आहे. काही फरक वाटल्यास कृपया कळवावे." पैसे भरा असा शब्द त्यात नाही. मामंजींना हे सुरुवातीला अजिबात रुचलं नाही; त्यांच्या मते उधारी मागायची तर समोर बसून, चहा पाजून. पण लोक फरक कळवायला लागले आणि फरक मिटला की बहुतेक जण पैसेही टाकायला लागले. चहा अजून पाजतो.

क्यूआर कोड

यूपीआयबद्दल नवीन काय सांगायचं. २०१६ ला आलं आणि आता भाजीवालीकडेही आहे. दुकानदाराला यूपीआयवर बँक खात्यातून आलेल्या रकमेवर जानेवारी २०२० पासून कमिशन नाही. तरी काही गोष्टी सांगाव्या वाटतात.

पैसे दुकानाच्या चालू खात्यात घ्या. घरातल्या कुणाच्या बचत खात्याचा क्यूआर काउंटरवर नको. सुरुवातीला आमच्याकडे तीन होते : मामंजींचा, माझा आणि दुकानाचा. रात्री जुळवताना डोकं उठायचं. बोलणारा स्पीकर घ्या. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कुणी दाखवला तर तो पुरावा धरू नका. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अॅप आहेत आणि गर्दीच्या वेळी आम्ही एकदा त्यात फसलो आहोत. सकाळी शटर उघडलं की स्वतःच्या क्यूआरवर एक रुपया टाकून नाव बघा, कारण रात्रीत वरून दुसऱ्याचं स्टिकर चिकटवून जाणारे आहेत. शक्य असेल तर बिलावरच रकमेसकट क्यूआर छापा, बहुतेक सॉफ्टवेअरला ते येतं. गिऱ्हाइकाला आकडा टाकावा लागत नाही आणि १,३५० चे १,३०५ होत नाहीत.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवरचे आकडे बघून लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बेंगळुरूत बऱ्याच जणांनी क्यूआर काढून फक्त रोख घ्यायला सुरुवात केली. तेव्हा इकडेही दोघं-तिघं मला विचारायला आले की काढू का. वस्तू विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा साधारण ४० लाखांच्या उलाढालीची आहे. ज्याची उलाढाल त्याच्या वर आहे त्यानं नोंदणी करावी, आणि खाली असेल तर विक्रीची वही नीट ठेवावी, म्हणजे घरचे, हातउसने आलेले पैसे विक्रीत धरले गेले तर दाखवायला काहीतरी असतं. यासाठीही चालू खातं वेगळं हवं.

व्हॉट्सअॅप आणि गूगलचा नकाशा

नंबर दुकानाचा असावा, सिम दुकानाच्या नावावर. आमच्याकडे पूर्वी एक हुशार पोरगा होता, सगळे मिस्त्री त्याच्या नंबरवर फोटो पाठवायचे. तो सोडून गेला आणि त्याच्याबरोबर नंबरही गेला. त्यानं काही वाईट केलं नाही, नंबर त्याचाच होता. व्हॉट्सअॅप बिझनेस फुकट आहे, एक फोन आणि सोबत चार उपकरणं जोडता येतात, म्हणजे काउंटरवरचा संगणक आणि माझा मोबाइल दोन्हीकडे तेच संदेश दिसतात. मिस्त्री हातानं लिहिलेल्या यादीचा फोटो पाठवतो, नाहीतर आवाज रेकॉर्ड करून. आलेल्या संदेशाला "नवीन", "माल काढला", "बिल झालं" अशी लेबलं लावायची. मिस्त्री गाडी लावून आत येईपर्यंत माल काउंटरवर बांधून तयार असतो. एवढ्यासाठी तो दोन दुकानं ओलांडून आमच्याकडे येतो, भावात रुपया-दोन रुपये इकडेतिकडे असले तरी.

कॅटलॉगमध्ये १,९०० वस्तू चढवत बसू नका. मी शंभरेक चढवल्या, त्यातल्या तीस लोक बघतात : मोटर, टाकी, नळ, गिझरचे जोड.

गूगलवर दुकानाची नोंद फुकट होते. वेळ, सुट्टीचा दिवस, फोन आणि नकाशावरची टाचणी एवढं बरोबर असलं तरी पुरे. आमची टाचणी मागच्या गल्लीत होती आणि टेम्पोवाले तिथे जाऊन हॉर्न वाजवायचे. "तुमची नोंद बंद होणार आहे, पैसे भरा" असे फोन येतात, ते ठेवून द्या. लहान उद्योगांसाठीच्या उद्यम नोंदणीचंही तसंच, सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते आणि पैसे मागणारं पान दिसलं तर ते सरकारी नाही. व्यापाऱ्यांना ती कर्जासाठी उपयोगी पडते. ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं जे संरक्षण आहे ते मात्र उत्पादक आणि सेवावाल्यांना आहे, आपल्याला नाही. आमच्या पेठेत याबद्दल बराच गैरसमज आहे.

चौदा तारीख

कर भरण्याचं काम आमचे करसल्लागार करतात, त्यात मी शिकवण्यासारखं काही नाही. पण महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं, ते मी स्वतः बघते. आपण खरेदी केलेल्या मालाची बिलं पुरवठादारानं दाखवली आहेत का, ते त्यात दिसतं. त्यानं दाखवली नाहीत तर आपण त्याला दिलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातली वजावट, आपल्याला मिळत नाही. एका पुरवठादारानं आम्हाला सात महिने "भरतो, भरतो" म्हणून ताटकळवलं. आता मी त्याच दिवशी यादी काढते, ज्याचं बिल दिसत नाही त्याच्या पुढच्या बिलातली कराएवढी रक्कम थांबवते आणि तसं स्पष्ट कळवते. खरेदीची बिलं आल्या दिवशी नोंदवली असतील तरच हे जमतं, महिनाअखेरीला ढीग घेऊन बसणाऱ्याला जमत नाही.

बॅकअप

आता पेनड्राइव्हकडे येते.

रोज रात्री शटर ओढायच्या आत टॅलीचा बॅकअप गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जातो. १५ जीबी फुकट मिळतात, आमच्यासारख्या दुकानाला ते कित्येक वर्षं पुरतात. रविवारी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, ती विश्रामबागच्या घरी, कपाटात. तिथे पाणी येत नाही. ड्राइव्हचा पासवर्ड दुकानातल्या कुठल्याच माणसाच्या वैयक्तिक ईमेलचा नाही, दुकानाचा वेगळा ईमेल आहे आणि तो उघडायचा मार्ग माझ्याबरोबर माझ्या नवऱ्यालाही माहीत आहे.

महिन्यातून एकदा तो बॅकअप घरच्या लॅपटॉपवर उघडून बघायचा. हे सगळ्यात जास्त टाळलं जातं. पहिल्याच वेळी मी उघडायला गेले तेव्हा कळलं की तीन आठवडे रिकामी फाइल जात होती, कारण सॉफ्टवेअर नव्या वर्षात घेताना जागा बदलली होती.

सॉफ्टवेअर दुरुस्त करायला लांबून संगणकाचा ताबा घेणारी माणसं असतात. काम झालं की ते अॅप बंद करा आणि तेव्हा बँकेचं पान उघडं ठेवू नका. पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, नातेवाइकांना नंतर. वीज गेल्यावर बिल अर्धवट राहू नये म्हणून संगणक आणि राउटर दोन्हीला यूपीएस हवा. राउटरला लावायला सगळे विसरतात.

जुलै २०२१ मध्ये पाणी परत आलं, आयर्विनवर ५५ फुटांच्या आसपास. माल भिजलाच. पण संगणक घरी होता. पाणी उतरायच्या आधीच मी घरून उतारे काढून ठेवले होते आणि विम्याच्या सर्व्हेअरला तारीखवार स्टॉकची यादी आणि खरेदीची बिलं एका फाइलीत दिली. २०१९ ला त्याच कामासाठी आम्ही चिखलातून कागद उपसत होतो आणि मागितलेल्यातला बराच दावा पुराव्याअभावी कापला गेला होता.

आता पावसाळ्यात आमचा क्रम ठरलेला आहे. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की त्या रात्रीचा बॅकअप दोन ठिकाणी जातो. आयर्विनवर ३५ फूट झाले की संगणक, प्रिंटर आणि गल्ल्यातले कागद रिक्षात घालून विश्रामबागला. मोटर आणि वायरचा माल वरच्या मजल्यावर. एल्बो, टी, कपलर तिथेच राहतात, प्लास्टिकला पाण्याचं काही होत नाही, धुऊन विकता येतात. मामा मात्र पुलावरचा आकडा मोबाइलवर बघत नाहीत. ते सायकलवरून स्वतः जाऊन पट्टी बघून येतात आणि मग मला सांगतात की तुमच्या मशिनीतला आकडा बरोबर आहे.